पोटमाळ्यावरची वही

ती वही मीच रद्दीत घातली. हे आधी कबूल करते, म्हणजे पुढे जे मागणार आहे ते मागायला तोंड राहील.

लालबागच्या एका गल्लीतली आमची चाळ पुनर्विकासाला गेली तेव्हा घर रिकामं करायला पंधरा दिवस मिळाले होते. दहा बाय बाराच्या खोलीत पन्नास वर्षांत किती सामान साठतं, ते खोली रिकामी करायला घेतल्याशिवाय कळत नाही. पोटमाळ्यावर दादांची पत्र्याची ट्रंक होती. दादा, म्हणजे माझे वडील, चाळीच्या उत्सव मंडळाचे एकोणीस वर्षं खजिनदार होते. ट्रंकेत पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती होत्या, वाळून कडक झालेला रबरी शिक्का होता, बक्षीस समारंभांचे फोटो होते आणि लाल कापडी बांधणीची एक उभी चोपडी होती. ती मी पाच मिनिटं चाळली. उघडलं ते पान १९८२चं निघालं.

गिरण्यांचा संप त्या वर्षी १८ जानेवारीला सुरू झाला. गणपती आले तेव्हा सात महिने घरात पगार नव्हता. चोपडीच्या डाव्या पानावर खोलीवार नावं आणि पुढे वर्गणीचा आकडा, अशी दादांची पद्धत. त्या वर्षी बहुतेक नावांपुढे आकडाच नव्हता. दादांनी शून्य घातलं नव्हतं, नुसती रेघही ओढली नव्हती. त्या नावांपुढे ‘संप’ असं लिहिलं होतं, वरपासून खालपर्यंत. मध्येच एका नावापुढे ‘तांदूळ दोन शेर’, दुसऱ्या एकापुढे ‘मंडप बांधणार’. उजव्या पानावर खर्च. त्यात एक ओळ होती, ‘रोषणाई – नाही’.

‘किती बारीक लिहायचे दादा,’ असं म्हणत मी वही पेपरांच्या गठ्ठ्यावर ठेवली. रद्दीवाल्याने ती बाजूला काढली, कारण वह्यांना पेपरपेक्षा भाव कमी. तिचं वेगळेपण लक्षात आलं ते एवढ्यापुरतं आणि तेही त्याच्याच.

आज कोणी विचारलं की संपाच्या वर्षी तुमच्या चाळीने गणपती कसा बसवला, तर मी सांगू शकते. दाखवू शकत नाही. सांगणं आणि दाखवणं यांत केवढं अंतर आहे, हे मला वही गेल्यावर कळलं. तुमच्या पोटमाळ्यावर अजून ट्रंक असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

शहरांचा अभ्यास करणाऱ्यांत ‘प्लेसमेकिंग’ हा शब्द सध्या फार चालतो. चौक, मैदान, गल्ली, वाचनालय, उत्सवाची जागा ही तिथे राहणाऱ्यांनी स्वतः मिळून घडवायची, असा त्याचा मतलब. न्यूयॉर्कमध्ये ‘प्रोजेक्ट फॉर पब्लिक स्पेसेस’ नावाची संस्था १९७५पासून हेच काम करते, आणि आता जगभर त्यावर परिषदा भरतात, अहवाल निघतात. आमच्या गिरण्या-चाळींच्या भागात, गिरणगावात, या कामाला नाव नव्हतं. पावतीपुस्तक होतं.

लालबागच्या राजाचंच घ्या. आज त्या रांगेत दर्शनासाठी तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या किती जणांना ठाऊक असतं की त्या गणपतीमागचा नवस मुळात बाजाराच्या जागेचा होता? पेरू चाळीजवळचा बाजार १९३२मध्ये बंद पडला. उघड्यावर आलेल्या कोळी बांधवांनी आणि भाजीविक्रेत्यांनी धंद्याला कायमची जागा मिळावी म्हणून गणपतीला साकडं घातलं. जागा मिळाली आणि १९३४मध्ये त्यांनी गणपती बसवला, तोही कोळी वेशातला. एका बाजाराने आपली जागा मिळवली आणि त्या मिळवण्याचा उत्सव केला. प्लेसमेकिंगच्या पुस्तकात घालावं असं याहून चांगलं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही. हे आपल्याला कळतं, कारण मंडळाने ते सांगत ठेवलं, लिहून ठेवलं. त्याच परिसरातल्या बाकीच्या शेकडो मंडळांचं काय? चिंचपोकळीचं मंडळ १९२०चं. अशी शंभरी गाठलेली, शंभरीला टेकलेली मंडळं गल्लोगल्ली आहेत. त्यांच्या जन्माच्या कथा कुठे आहेत? कोणाच्या तरी पोटमाळ्यावर, नाहीतर कोणाच्या तरी डोक्यात.

मुंबईतली पहिली कापडगिरणी १८५६मध्ये ताडदेवला सुरू झाली. तिथून पुढे सव्वाशे वर्षं कोकणातून, घाटावरून, पुढे उत्तरेतूनही माणसं येत राहिली. बहुतेकांची बायकामुलं गावी. एकेका गाळ्यात एका गावचे वीस-वीस जण, पाळीप्रमाणे झोपायचे. एकाची वळकटी गुंडाळली की दुसऱ्याची पसरायची. घरात बसायला जागा नव्हती, म्हणून सगळं जगणं बाहेर आलं. जिन्यात, गॅलरीत, चौकात, रस्त्याच्या कडेला. तालमी आल्या, भजनी मंडळं आली, डबलबारीच्या रात्री आल्या, शक्ती-तुरा आला, कबड्डीचे संघ आले. रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या शेडखाली फळ्यांवर वर्तमानपत्रं लावायची आणि लोकांनी उभ्याने वाचायची, अशी वाचनालयं आली. ना. म. जोशी यांनी १९११मध्ये सोशल सर्व्हिस लीग काढली, तिच्या रात्रशाळा आणि वाचनालयं आली. परळचं दामोदर नाट्यगृह १९२२चं. पाळी सुटल्यावर गिरणीतला माणूस तोंडाला रंग लावून त्या रंगमंचावर उभा राहायचा. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी १९४४मध्ये लाल बावटा कलापथक उभं केलं, आणि या चौकांत शाहिरीला सभेइतकी गर्दी होऊ लागली. लालबागच्या हनुमान थिएटरात तमाशाचे फड उतरायचे.

यातलं काहीही महापालिकेने आखून दिलेलं नव्हतं. नकाशावर जिथे ‘मोकळी जागा’ लिहिलेलं असायचं तिथे लोकांनी आखाडा केला. जिथे काहीच लिहिलेलं नसायचं तिथे व्यासपीठ केलं.

ते आता चाललं आहे, आणि आपल्या सहीने चाललं आहे. ब्रिटिशांनी १९२०च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींच्या एकूण २०७ इमारती. वरळीला १२१, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीला १२. प्रत्येक इमारतीत ऐंशी खोल्या, एकेक खोली १६० चौरस फुटांची. वरळीत २०२५च्या ऑगस्टमध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. बाकीच्यांतल्या अनेक टप्प्याटप्प्याने पडत आहेत. खासगी चाळींची तर मोजदादच नाही. दामोदर नाट्यगृह पुनर्विकासासाठी २०२३च्या अखेरीस बंद झालं आणि पुढच्या वर्षी रंगकर्मींना त्याच्यासाठी आवाज उठवावा लागला.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते, नाहीतर माझी गणती चाळीच्या आठवणीने गळा काढणाऱ्यांत होईल. मला चाळ परत नको आहे. ज्या बाईने पोटात कळ घेऊन पहाटे पाच वाजता गॅलरीच्या टोकाच्या संडासाबाहेर डबा धरून नंबर लावला आहे, तिला चाळीचे गोडवे सांगू नयेत. आईने पासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा दाराला आतून कडी असलेलं स्वतःचं न्हाणीघर पाहिलं आणि त्या दिवशी ती अर्धा तास बाहेर आली नाही. लोकांना चांगली घरं मिळालीच पाहिजेत. इमारत वाचवण्यासाठी मी एक ओळही लिहिणार नाही. मी मागते आहे ती नोंद. चाळ पडेल, पडू दे. पण ती कोणी कशी जागती ठेवली होती, हे तिच्याबरोबर राडारोड्यात जाऊ नये.

असं कुठे घडलंय का, की जागा गेली आणि नोंद राहिली? घडलंय, आणि आपल्यापेक्षा कितीतरी वाईट परिस्थितीत घडलंय.

दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊनमध्ये डिस्ट्रिक्ट सिक्स नावाची वस्ती होती. हे नाव १८६७चं, शहराचा सहावा पालिका विभाग म्हणून पडलेलं. मुक्त झालेले गुलाम, कारागीर, गोदीतले मजूर, छोटे व्यापारी, बाहेरून आलेली कुटुंबं, सगळे एकमेकांना लागून राहत. वर्णद्वेषी सरकारने ११ फेब्रुवारी १९६६ रोजी ती वस्ती फक्त गोऱ्यांसाठी राखीव जाहीर केली. पुढच्या काही वर्षांत साठ हजारांहून जास्त माणसांना तिथून उचलून शहराबाहेरच्या वाळूच्या माळावर, केप फ्लॅट्सवर, नेऊन टाकलं. घरं बुलडोझरने सपाट केली. उभी राहिली ती फक्त चर्चं आणि मशिदी.

मग १९९४च्या डिसेंबरमध्ये, वर्णद्वेषी राजवट संपल्याच्या वर्षी, तिथल्या जुन्या रहिवाशांनी एका जुन्या मेथडिस्ट चर्चमध्ये प्रदर्शन भरवलं. काही आठवडे चालेल अशा बेताने. ते अजून चालू आहे. तेच आता डिस्ट्रिक्ट सिक्स संग्रहालय झालं.

त्या संग्रहालयात काय ठेवलंय, ते बघण्यासारखं आहे. एक, रस्त्यांच्या नावांच्या पाट्या. ज्या मुकादमाच्या देखरेखीखाली घरं पाडली गेली, त्यानेच पाडकाम चालू असताना पंचाहत्तरच्या आसपास पाट्या उचलून स्वतःकडे दडवून ठेवल्या होत्या. का, ते त्याचं त्याला माहीत. पण पाडणाऱ्याच्या हातूनही काही वाचू शकतं, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं आणि माझी स्वतःची लाज जरा जास्तच वाढली. दुसरं, जमिनीवर पसरलेला वस्तीचा हाताने रंगवलेला मोठा नकाशा. जुने रहिवासी येतात, गुडघ्यांवर बसतात आणि आपलं घर जिथे होतं तिथे आपलं नाव लिहितात. तिसरं, कापडाचा लांबच लांब पट्टा. त्यावर माणसं आठवणी लिहितात आणि त्यांच्या अक्षरांवरून नंतर भरतकाम केलं जातं.

पाट्या, नकाशा आणि कापड. तिन्हींना कोट्यवधी रुपये लागत नाहीत. तिथे माणसं आधी आली, पैसा मागाहून.

दुसरं उदाहरण न्यूयॉर्कचं, ते आमच्या चाळीच्या आणखी जवळचं. ऑर्चर्ड स्ट्रीटवर ९७ क्रमांकाची भाड्याच्या खोल्यांची इमारत, १८६३ची. स्थलांतरित कामगारांनी खच्चून भरलेली. वरचे मजले १९३५मध्ये बंद झाले आणि तसेच धूळ खात पडले. १९८८मध्ये दोन बायकांना ती सापडली आणि तिचं संग्रहालय झालं. त्या इमारतीत सुमारे सात हजार माणसं राहून गेली, असा अंदाज आहे. संशोधकांनी भिंतींवरचे वॉलपेपरचे एकावर एक थर सोडवले, जनगणनेची जुनी पानं काढली आणि कुठल्या खोलीत कुठलं कुटुंब राहत होतं, ते शोधून काढलं.

मला इथे थांबावं लागतं. कारण त्यांच्याकडे जनगणनेची घरोघरची पानं ठरावीक वर्षांनी सगळ्यांना खुली होतात. आपल्याकडे १९४८च्या कायद्याने ती गोपनीय आहेत. संशोधकाला कधीच पाहायला मिळत नाहीत. मग गिरणगावातल्या अमुक चाळीत १९५५ साली बारा नंबरच्या खोलीत कोण राहत होतं, हे कुठे मिळणार? घरमालकाच्या भाड्याच्या पुस्तकात, ते राहिलं असेल तर. नाहीतर उत्सव मंडळाच्या वर्गणीच्या वहीत. खोलीवार नावं, वर्षानुवर्षं, खाडाखोडीसकट. मी किलोच्या भावाने विकली ती आमच्या चाळीची जनगणना होती.

परळच्या बी.आय.टी. चाळीत डॉ. आंबेडकर १९१२ ते १९३४ राहिले. त्यांच्या खोल्यांचे क्रमांकसुद्धा आपल्याला ठाऊक आहेत, ५० आणि ५१. शेजारच्या ४९मध्ये कोण होतं? त्या बिऱ्हाडातल्या बाईने कधी रात्री उशिरापर्यंत जळणारा दिवा पाहिला असेल, त्याबद्दल नवऱ्याला काही बोलली असेल. ते कोणी विचारून ठेवलं नाही.

कोणीच काही केलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी शंभरेक माणसांना बोलतं करून गिरणगावाचा मौखिक इतिहास २००४मध्ये पुस्तकरूपाने आणला. ते काम झालं नसतं तर आज आपल्या हातात फारसं काही नसतं. जयंत पवारांच्या ‘अधांतर’ने एका घराची पडझड रंगमंचावर आणली. गिरणी कामगारांसाठी संग्रहालयाची घोषणा होऊन पुष्कळ वर्षं झाली. पण दोन अभ्यासकांनी किती दारं ठोठावायची? आणि अभ्यासक येतात ते संपाचं, युनियनचं, पुढाऱ्यांचं विचारायला. नळावर भांडण झालं की निवाडा कोण करायचं, होळीची लाकडं कुठून यायची, देखाव्याचा कापूस कुठल्या गिरणीतून गुपचूप बाहेर यायचा, हे ते कशाला विचारतील? ते विचारायला घरचं माणूसच लागतं.

वेळही फार उरलेला नाही. संप सुरू झाला तेव्हा जो पंचविशीत होता, तो आज सत्तरीला टेकला. जॉबर, साचेवाले, कलापथकात ढोलकी धरणारे यांतले बरेचसे गेलेच.

आता एक टोचणारं बोलते. वह्यांमधला इतिहास पुरुषांचा आहे. आमच्या चोपडीत प्रत्येक खोलीपुढे पुरुषाचं नाव होतं, विधवांची दोन सोडून. पण गिरणगाव जेवत होतं ते बायकांच्या हातचं. एकट्या राहणाऱ्या शेकडो कामगारांचे डबे खानावळवाल्या बाया करायच्या, आणि संपात उधारीवर जेवू घालून त्याच पहिल्या कर्जबाजारी व्हायच्या. प्रेमा पुरव यांनी १९७५मध्ये अशा बायांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, म्हणून त्यांची काही नोंद झाली. बाकीच्यांची? उधारीच्या खुणा भिंतीवर कोळशाने काढलेल्या असायच्या. चाळीच्या भिंतीबरोबर तीही वही जाते.

तसंच जातीचं. ‘आमच्या चाळीत कधी भेदभाव नव्हता’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते ऐकलं की मी वही काढते. गिरणीत विणकाम खात्यात दलित कामगारांना घेत नसत, कारण धोट्यातून सूत तोंडाने ओढून घ्यावं लागे आणि तोच धोटा दुसऱ्याच्या हाती जाई. पगार मात्र त्याच खात्यात बरा. डॉ. आंबेडकरांनी १९२८च्या संपाच्या वेळी हा प्रश्न उभा केला. वरळीच्या बीडीडी चाळींनी १९७४ची दंगल पाहिली. त्याच चाळींनी बुद्धविहारं उभी केली, भीमजयंतीच्या रात्री उजळल्या. मदनपुऱ्यातल्या मुसलमान विणकरांच्या मोहल्ल्यांनी १९९२-९३च्या दंगली पाहिल्या. नोंद करायची तर हेही सगळं करायचं. गोड तेवढं ठेवून कडू गाळायचं असेल तर मंडळाची स्मरणिका काढा, त्याला कोणी अडवलेलं नाही.

मग करायचं काय? मला सुचतं ते सांगते. त्यातलं पुष्कळ मी दादांची वही गेल्यावर, उरलेले फोटो घेऊन, चुका करत शिकले.

घर रिकामं करायची नोटीस आली की पहिल्या दिवशी भांडी बांधू नका, पोटमाळा उतरवा. वर्गणीच्या वह्या, सभेचं इतिवृत्त, स्थळप्रती, नाटकाची हस्तपत्रकं, क्रीडा मंडळाची ओळखपत्रं, पाणी-विजेसाठी महापालिकेला लिहिलेल्या अर्जांच्या कार्बन कॉपी, रेशनकार्ड, गिरणीचा पास, खानावळीचा हिशेब, असं काहीही हाताला लागलं तर ते आधी एका पिशवीत. फाटलेल्याला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. काही वर्षांत कागद पिवळा पडून अक्षर जातं. गॅलरीत दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता, प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो घ्या. कोरं पान आलं तरी घ्या. ते व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फोटो बारीक होऊन अक्षरं पुसट होतात. आणि तीन वेगळ्या ठिकाणी ठेवा. एक मुलाकडे, एक मंडळाकडे, एक तिसऱ्याच कोणाकडे.

फोटोंचं आणखी एक. समूहफोटोच्या मागे नावं लिहा. तिसऱ्या रांगेतला डावीकडून चौथा कोण, हे आज तुमची आत्या सांगू शकते. पुढच्या दिवाळीत ती असेलच असं नाही.

म्हाताऱ्या माणसांशी बोलायला बसाल तेव्हा पंखा बंद करा, रेकॉर्डिंगमध्ये त्याचीच घरघर येते. रेकॉर्ड करतोय हे आधी सांगा, त्यांनी हो म्हणू द्या. सुरुवातीला त्यांचं नाव, गाव, खोली क्रमांक आणि तारीख त्यांच्याच तोंडून वदवून घ्या. ‘तेव्हा कसं होतं हो?’ असं विचारलंत तर ‘फार छान होतं’ एवढंच येईल. पाणी किती वाजता यायचं, ते विचारा. भोंगा कुठल्या गिरणीचा ऐकू यायचा? सभा बसायची तेव्हा बायका कुठे उभ्या राहायच्या? तालमीची माती कुठून आणली? पहिला टीव्ही कोणाच्या घरी आला आणि तो बघायला कोणाला आत घेत नसत? दोघांच्या सांगण्यात तफावत आली तर दोन्ही ठेवा, कोणाला खोटं पाडू नका. आजोबा रडले तर फोन खाली ठेवा.

चाळीचा नकाशा काढा. वास्तुविशारद लागत नाही, आठवीतलं पोर पुरेल. कोणत्या खोलीत कोण, नळ कुठे, कठड्यावर कोण बसायचं, गणपतीचा मंडप कुठपर्यंत यायचा, हंडी कुठे बांधायचे. संक्रमण शिबिरात पांगण्याआधी एका रविवारी तो चौकात पसरा आणि सगळ्यांना गुडघ्यांवर बसवून आपापलं नाव लिहायला लावा. केपटाऊनमध्ये माणसांना हे करायला अठ्ठावीस वर्षं थांबावं लागलं. तुमच्या हातात अजून चौक आहे.

उत्सव मंडळांना माझी हात जोडून विनंती आहे. तुमच्या देखाव्यांवर लाखो रुपये खर्च होतात, केदारनाथपासून चंद्रयानापर्यंत सगळं आम्ही तुमच्या मंडपात पाहिलं. येत्या वर्षी एक देखावा तुमच्या स्वतःच्या गल्लीचा करा. पहिली पावती कोणाच्या नावाने फाडली, पहिली मूर्ती कोणी केली, संपात कसा बसवला, याचे फलक लावा. दहा दिवसांत इतकी माणसं येतील, त्यांतला कोणीतरी ‘अहो, हे आमचे आजोबा’ म्हणत थांबेल, आणि तुम्हाला माहीत नसलेली गोष्ट सांगून जाईल. मंडपाच्या कोपऱ्यात एक माणूस वही घेऊन बसवा. दर्शनाच्या रांगेपेक्षा त्याच्यापुढची रांग छोटी असेल, पण ती वही राहील.

पुनर्विकास समितीवर असाल तर तुमच्याकडे सगळ्यांत मोठी ताकद आहे आणि ती फक्त सही करेपर्यंत आहे. करारात पार्किंगची जागा तुम्ही इंचाइंचाने मोजून घेता. त्यात सोसायटीच्या कार्यालयात एका काचेच्या कपाटाची आणि प्रवेशद्वाराजवळच्या एका भिंतीची जागाही घाला. जुन्या चाळीच्या नावाची पाटी, रहिवाशांची यादी, मंडळाचं इतिवृत्त तिथे राहील. बिल्डर कपाटाला नाही म्हणत नाही. आम्ही मागितलंच नाही.

आणि जे मुंबईत राहिले नाहीत, त्यांच्यासाठीही काम आहे. गिरणगावाची दुसरी प्रत गावोगावी पडली आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा, सांगली, कोल्हापूरच्या गावांत देवळाच्या सभामंडपात, शाळेच्या ओट्यावर, विहिरीच्या कठड्यावर ‘मुंबईकर मंडळींकडून’ असे दगड बसवलेले आहेत. त्यांवर नावं आहेत, साल आहे, कधी कधी मुंबईतल्या गाळ्याचा पत्ताही आहे. देवळाचा जीर्णोद्धार निघाला की ग्रॅनाइट येतं आणि जुना दगड मागच्या खड्ड्यात जातो. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा त्या दगडाचा फोटो काढून आणा. ग्रामस्थ मंडळाच्या मुंबई शाखेच्या वह्या कोणाकडे आहेत ते विचारा. डोंबिवली, विरार, बदलापूरला पांगलेल्या कुटुंबांकडेही अशा वह्या आहेत. त्या बहुधा मोठ्या मुलाच्या नव्या फ्लॅटमध्ये पलंगाखाली आहेत आणि सुनेला त्या नकोशा झाल्या आहेत. तिला दोष देऊ नका, जाऊन घेऊन या.

मूळ कागद शेवटी एखाद्या ग्रंथालयाकडे गेलेले बरे. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८पासून शहरात उभं आहे. त्यांच्याशी बोला, तुमच्या भागातल्या जुन्या वाचनालयाशी बोला, जवळच्या महाविद्यालयातल्या इतिहासाच्या प्राध्यापकांशी बोला. एखाद्याने ‘हे आमच्या कामाचं नाही’ असं सांगितलं तर दुसऱ्याकडे जा. मात्र ‘कोणी घेईना म्हणून टाकलं’ असं करू नका. कपाटात पडलेली वही वाचवता येते, लगदा झालेली वाचवता येत नाही.

पैशाचं, संस्थेचं, सरकारी योजनेचं नंतर बघू. डिस्ट्रिक्ट सिक्सवाल्यांनी आधी नकाशा अंथरला.

मी उरलेल्या फोटोंपैकी एक परवा समोर ठेवून बसले होते. १९७०च्या आसपासचा, कबड्डीच्या संघाचा, ढालीसकट. नऊ माणसं. सहा नावं आईने सांगितली, सातवं शिवडीच्या एका काकांनी फोनवर. दोघांची अजून कळलेली नाहीत. त्यांतला एक डाव्या टोकाला, कानाला पट्टी बांधलेला. लालबागच्या त्या गल्लीत तुम्ही राहिला असाल आणि कानाला पट्टी बांधलेला एखादा खेळाडू तुमच्या घरात आठवत असेल, तर या नियतकालिकाच्या पत्त्यावर मला लिहा. आणि तोवर आपल्या घरचे फोटो काढून घ्या. मागे नावं लिहा. पेन्सिलने लिहा, शाई पुढच्या बाजूला उतरते.